मुलांचे गणित आणि पालकांचा हट्ट

दिल्लीत चार मराठी माणसे जमली की बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. प्रथम बदल्या, मग सरकारी निवासस्थानांची प्रतीक्षायादी, मग महागाई भत्ता, आणि निरोपाची वेळ जवळ आली की मुलांच्या शाळा. गेल्या गणेशोत्सवात अशाच एका बैठकीत एक वरिष्ठ अधिकारी ठणकावून म्हणाले, "या शाळांनी गणिताचे वाटोळे केले आहे. साध्या वजाबाकीला अर्धे पान लागते! मी चिरंजीवांना सांगून टाकले आहे, शाळेत बाईंना हवे तसे लिही. घरी मात्र बरोबर रीतीने कर." गृहस्थ मोठे अभ्यासू, टिपणातील एका स्वल्पविरामासाठी दोन दिवस अडून राहणारे. साहजिकच सर्वांच्या माना डोलल्या. माझीही डोलली. परंतु घरी परतताना 'बरोबर रीतीने' हे दोन शब्द मनाला सलू लागले. कारण तोच अपराध काही दिवसांपूर्वी मी स्वतः केला होता आणि त्याची शिक्षाही भोगली होती.

प्रसंग अगदी साधा आहे. रामकृष्णपुरममधील आमच्या घरी तिसरीतील मुलगी गृहपाठ करीत बसली होती. ५०३ वजा २७८. तिने एक आडवी रेघ ओढली, एका टोकाला २७८ लिहिले, दुसऱ्या टोकाला ५०३, आणि मधे बेडूक उड्या मारतो तशा कमानी काढू लागली. मला राहवले नाही. "अगं, हे काय चालवलं आहेस? तीनातून आठ जात नाहीत ना, मग शेजाऱ्याकडून एक उसना घे."

"शेजारी तर शून्य आहे, बाबा."

"मग पलीकडच्याकडून घे."

"पलीकडचा शून्याला देणार, आणि शून्य तीनाला देणार. असं का?"

"असंच असतं," मी म्हणालो. हे उत्तर मला माझ्या मास्तरांनी दिले होते आणि मी ते तीस वर्षे जपून ठेवले होते.

एवढ्यात साताऱ्याहून आलेली माझी आई मधे पडली. "तुमचं ते उसनं घेणं आमच्या वेळी नव्हतं रे. आम्ही हातचा खाली द्यायचो. तेरातून आठ गेले, राहिले पाच, हातचा एक. सात नि एक आठ, दहातून आठ गेले, राहिले दोन, हातचा एक. दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले, राहिले दोन. झाले दोनशे पंचवीस." इकडे मुलीच्या उड्या संपल्या होत्या. २७८ वरून २८० म्हणजे दोन, ३०० पर्यंत वीस, ५०० पर्यंत दोनशे, पुढे तीन, एकूण २२५. एका मेजाभोवती तीन पिढ्या, तीन रीती आणि उत्तर एकच. मुलीने निरागसपणे विचारले, "मग यातली बरोबर कुठली?" मला उत्तर सुचले नाही. ते शोधावे म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे, आणि ते उत्तर आम्हां पालकांना फारसे रुचणारे नाही हे आरंभीच सांगून टाकतो.

आमची पहिली समजूत अशी की, आम्ही शिकलो ती रीत सनातन आहे आणि मुलांच्या वहीत दिसते ते कुणाचे तरी नवे खूळ आहे. ही समजूत इतिहासाला धरून नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकले. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशे ब्याण्णव पईंचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण ज्या जगात होता, तेथे हे पाढे म्हणजे रोजच्या व्यवहाराचे हत्यार होते. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने येऊ लागली. त्याबरोबर औटकी शाळेतून गेली ती गेलीच. पाढ्यांवर पोसलेल्या त्या पिढीलाही तेव्हा नातवंडांची वही परकी वाटली असेल, आणि हिशेबाचा कणा मोडला अशी हळहळ घरोघर झाली असेल. आज आम्ही ज्या 'बरोबर रीती'चे कैवारी म्हणवितो, ती स्वतःच एकदा अशी उपरी म्हणून आलेली आहे. माझ्या आईचा खाली दिलेला हातचा आणि माझा शेजाऱ्याकडून घेतलेला उसना यांतसुद्धा एक पिढीचेच अंतर आहे. आणि माझ्या रीतीमुळे गणित बुडाले अशी तक्रार माझ्या आईने कधी केली नाही.

यापेक्षा मौजेची गोष्ट पुढेच आहे. सध्या पालकांचा सर्वांत अधिक रोष गुणाकाराच्या चौकटीवर आहे. ४३ गुणिले २६ करावयाचे असतील तर मुले ४० व ३ आणि २० व ६ असे तुकडे पाडतात, चार घरांत ८००, ६०, २४० आणि १८ मांडतात, आणि बेरीज १११८ करतात. "ही कसली अमेरिकेची नक्कल!" असे उद्गार मी या कानांनी ऐकले आहेत. या मंडळींपैकी कित्येकांच्या घरी भास्कराचार्यांचा अभिमान भरपूर असतो. चाळीसगावजवळच्या पाटणचा आणि तेथील शिलालेखाचा उल्लेख भाषणात हमखास येतो. परंतु भास्कराचार्यांचा इ. स. ११५० च्या सुमाराचा 'लीलावती' हा ग्रंथ यांनी कधी उघडला असेल काय? त्यात गुणाकाराच्या प्रकरणी १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे, आणि ते एकाच रीतीने सोडविलेले नाही. १३५ ला सबंध बाराने गुणा. किंवा बाराचे आठ आणि चार असे खंड पाडून दोन्हींनी गुणा व बेरीज घ्या. किंवा तीन आणि चार या गुणकांनी एकामागून एक गुणा. किंवा स्थानांप्रमाणे तुकडे पाडा. किंवा सोयीची संख्या घेऊन दहाने गुणा आणि दोनपट मिळवा, नाहीतर वीसने गुणा आणि आठपट वजा करा. प्रत्येक वाटेने उत्तर १६२०. जी चौकट पाहून आम्ही कपाळाला हात लावतो, तिच्यातील खंड पाडण्याची युक्ती आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात स्वच्छ सांगितलेली आहे. तेव्हा परंपरेच्या नावाने जो एकाच रीतीचा आग्रह धरतो, त्याला आपल्या परंपरेचीच ओळख नाही असे म्हणणे भाग आहे.

आणि त्या बेडूकउड्या? त्याही नव्या नाहीत. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय लागण्यापूर्वी सरोजिनी नगरच्या बाजारात २७८ रुपयांच्या खरेदीला पाचशेची नोट दिली, तर दुकानदार कागदावर उसने घेत बसत नसे. "दोनशे अठ्ठ्याहत्तर, हे दोन म्हणजे दोनशे ऐंशी, हे वीस म्हणजे तीनशे, आणि हे दोनशे म्हणजे पाचशे," असे म्हणत तो सुटे हातावर ठेवी. आमच्या मुलांच्या वहीत आहे ती हीच रीत. बाजारात तिला व्यवहारचातुर्य म्हणावयाचे आणि वहीत थिल्लरपणा, हा न्याय कोणता?

कोणी म्हणेल, एवढा ऊहापोह कशाला? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद म्हणजे एनसीईआरटी १९६१ मध्ये याच शहरात स्थापन झाली. ती पुस्तके बदलते आणि आम्ही भोगतो. बदल होतात हे खरे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर 'मॅथ-मॅजिक' ही पुस्तके आली. त्यांतील पाचवीच्या एका पाठाचे नावच 'गुणण्याच्या आणि भागण्याच्या वाटा' अशा अर्थाचे होते. आता २०२४ पासून तिसरीला आणि २०२५ पासून चौथी-पाचवीला 'मॅथ्स मेला' आले आहे. परंतु ज्यांना बदलाचा इतका तिटकारा आहे ते आमचे अधिकारी कचेरीत काय करतात? २०१७ मध्ये सर्वसाधारण वित्तीय नियम नव्याने आले, ते आम्ही मुकाट्याने वाचले. कागदी फाइल गेली आणि ई-ऑफिस आले, तेव्हा पन्नाशीच्या घरातील माणसे तरुण सहायकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि शिकली. परिपत्रक आले की नवी रीत समजते. मुलाची वही आली की मात्र बुद्धी अडून बसते. यात गणिताचा दोष नाही.

मग दोष कशाचा? मला वाटते, त्याचे मूळ आमच्या परप्रांतवासात आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा मानू नये. येथे राहणाऱ्या मराठी बापाचे हिंदी त्याची मुले पहिल्या दोन वर्षांतच सुधारू लागतात. 'मी आलो होता' असे कधी तोंडून गेले की ती हसतात. इंग्रजीच्या उच्चारांचीही तीच गत. शिकवावे असे हाती फारसे उरत नाही. एक गणित तेवढे आपले वाटते. कारण साताऱ्यात आणि सफदरजंगात पाच सात पस्तीसच होतात. तेथेही मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्या मॅडम असं शिकवत नाहीत," म्हणजे शेवटचे ठाणे पडल्यासारखे वाटते. हे दुःख खरे आहे. परंतु त्या दुःखाचे परिमार्जन म्हणून मुलीची रेघ खोडणे म्हणजे आपल्या पराभवाचा दंड तिच्याकडून वसूल करणे होय.

आणि हा दंड कल्पित नाही. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीतील ४३८ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठाला मदत करीत, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्या मनात गणिताचे भय अधिक साठले. त्याच धास्तीचे जे पालक फारशी मदत करीत नसत, त्यांच्या मुलांत हा परिणाम आढळला नाही. कोणी म्हणेल, आम्हांला कसली धास्ती? असेल तर उत्तमच. परंतु न समजलेल्या रीतीसमोर बसून आवाज चढविणारा माणूस धास्तावलेला नसतो, असे मला वाटत नाही.

महाराष्ट्रातही याचा एक मोठा प्रयोग २०१९ च्या जूनमध्ये सर्वांनी पाहिला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन' असेही वाचन दिले गेले. लिहिताना आधी दशक आणि म्हणताना आधी एकक, त्यातून जोडाक्षरांचा अडथळा. लहान मूल येथे अडखळते, एवढाच त्यामागचा विचार होता. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी हे पुनःपुन्हा समजावून सांगितले. बंगळूर किंवा चेन्नई येथे नोकरी केलेल्यांना ठाऊक असेल की, कन्नड आणि तमिळ मुले संख्या अशाच क्रमाने म्हणतात, आणि त्या प्रांतांत गणिताचा दुष्काळ पडल्याचे कोणी ऐकलेले नाही. तरीही केवढा गहजब झाला! विधानसभेत थट्टा, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे, आणि आयुष्यभर गणितात रमलेल्या एका विदुषीला मराठीची मारेकरी ठरविण्यापर्यंत मजल. नारळीकरबाई २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या सूचनेशी मतभेद असू शकतो. माझाही काही अंशी आहे, कारण परप्रांतात वाढणाऱ्या मुलांच्या कानांवरून 'त्रेसष्ट' आधीच उडून चालला आहे आणि तो टिकावा असे मला मनापासून वाटते. परंतु पुस्तक न उघडता त्यावर हसणाऱ्यांनी भाषेचे रक्षण केले, असे मला म्हणवत नाही. आमची मुले आमच्याकडून तेव्हा एवढेच शिकली की, न समजलेल्या गोष्टीवर प्रथम हसावयाचे असते.

आता प्रतिपक्षाच्या दोन मुद्द्यांना उत्तर देणे प्राप्त आहे. पहिला वेगाचा. उभ्या मांडणीने गणित झटपट होते आणि स्पर्धा परीक्षांत वेळ थोडा असतो, हे मान्य. परंतु तिसरीतील मूल स्पर्धा परीक्षेला बसलेले नसते. उभी मांडणी पुढे शिकावयाचीच आहे. ज्याने तुकडे पाडून गुणाकार केला आहे, त्याला दुसऱ्या ओळीत एकं घर मोकळे का सोडतात हे सांगावे लागत नाही. मला ते कोणीच सांगितले नव्हते. मी वर्षानुवर्षे तेथे फुली मारीत आलो आणि ती फुली म्हणजे एखादा विधी आहे असे समजत आलो. दुसरा मुद्दा पाढ्यांचा. नव्या रीतीत पाढे बुडतात असे म्हणतात. पाढे बुडत असतील तर ते न म्हटल्यामुळे, रीतीमुळे नव्हे. चौकटीतील चार घरे भरावयास पाढे चारदा लागतात. तेव्हा पाढे जरूर म्हणवून घ्यावेत, आणि ते मराठीतून म्हणवून घेतल्यास सोन्याहून पिवळे.

शाळांनाही मी मोकळे सोडू इच्छीत नाही. पुस्तकात अनेक वाटा छापावयाच्या आणि वर्गात मात्र 'याच रीतीने करा, नाहीतर गुण कापू' असे बजावावयाचे, हा आमच्याच हट्टाचा दुसरा अवतार आहे. उत्तर बरोबर आहे आणि मुलाला ते समजावून सांगता येते, तर त्यावर लाल फुली मारण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नसावा. घरी पाठविलेल्या गृहपाठाबरोबर रीतीचे चार ओळींत स्पष्टीकरण पाठविणे काही अशक्य नाही. गणवेशाच्या मोजांचा रंग कळविण्यासाठी ज्या शाळा सूचनापत्र काढतात, त्यांना हे का जमू नये? पालकसभेत आम्ही हे विचारले पाहिजे. परंतु तेथे आम्ही बहुधा शिकवणीवर्गांचे पत्ते विचारतो आणि जबाबदारी महिन्याच्या फीवर सोपवून मोकळे होतो.

आमच्या वर्गाला तर या गोष्टीचे महत्त्व इतरांहून अधिक आहे. बदलीच्या नोकरीतील माणसांच्या मुलांची आबाळ होऊ नये म्हणून १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. पुस्तक सर्वत्र एकच राहिले. परंतु पुस्तक एक असले तरी शिकविणारे हात वेगळे असतात. नागपूरच्या बाई एक सांगतात, भोपाळचे सर दुसरे, दिल्लीच्या मॅडम तिसरे. एकच रीत बरोबर आणि बाकीच्या चूक, असे ज्या मुलाच्या मनावर ठसले आहे, त्याच्यावर प्रत्येक बदलीत आकाश कोसळते. शाळा बदलते, मित्र बदलतात, घर बदलते. न बदलणारे असे त्याच्याजवळ काय उरते? आई आणि बाबा. त्यांनीही शाळेशी भांडण मांडले, तर दोन अधिकाऱ्यांच्या परस्परविरोधी शेऱ्यांमध्ये सापडलेल्या लिपिकाची जी अवस्था होते, ती आठ वर्षांच्या पोराची होते. तो दोघांनाही राजी ठेवण्यास शिकतो. शाळेत एक लिहितो, घरी दुसरे लिहितो, आणि पटले काय हे कोणालाच सांगत नाही. गणित म्हणजे कोणाची तरी मर्जी सांभाळणे, असे एकदा त्याच्या मनाने घेतले की पुढे कितीही उत्तम शिक्षक मिळाला तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

तेव्हा करावे काय? फार काही नाही. मुलाची वही पुढे आली की लेखणी उचलू नये. "तुझी रीत मला शिकव" एवढेच म्हणावे आणि खरोखरच शिकावे. ते समजावून सांगताना कोठे अडते, हे आपोआप कळते, आणि बहुधा ते अडणे त्याचे त्यालाच उमगते. त्यानंतर, आणि त्यानंतरच, आपली रीत शेजारी मांडावी, आजीची तिच्याही शेजारी मांडावी, आणि तिन्हींचे उत्तर एकच का येते हे मिळून शोधावे. रीत मुलालाही समजावता येत नसेल आणि आपल्यालाही उमगत नसेल, तर वहीत बाईंना दोन ओळी लिहून विचारावे. त्यात पदप्रतिष्ठेला काही बाध येत नाही.

मी हे केले. दुसऱ्या दिवशी मुलीला विचारले आणि ती मोठ्या ऐटीत शिकवू लागली. तिच्या उड्यांवरून माझे शेजाऱ्याचे उसने काय होते हेही मला प्रथमच नीट कळले: पाचशे तीन म्हणजे चार शतके, नऊ दशके आणि तेरा एकके, एवढेच त्यात आहे. शून्य कोणाला काही देत नाही आणि कोणाकडून घेतही नाही. एक शतक मोडून दहा दशके होतात, त्यांतील एक दशक मोडून दहा एकके होतात. तीस वर्षे 'असंच असतं' म्हणून वागविलेली गोष्ट मला तिसरीतील मुलीने समजावली. आजीच्या हातच्याचे कोडे आम्ही दोघांनी मिळून सोडविले: वरच्या संख्येत दहा मिळविले तर खालच्या संख्येतही दहा मिळवावयाचे, म्हणजे अंतर तेच राहते. आजीलाही ते त्या दिवशीच कळले, आणि "मास्तरांनी हे तेव्हा सांगितलं असतं तर!" असे ती म्हणाली.

पुढील बैठकीत त्या वरिष्ठ गृहस्थांची गाठ पडेल तेव्हा मी त्यांना एवढेच विचारणार आहे: आपण ज्या रीतीला बरोबर म्हणता, तीत शेजाऱ्याकडून घेतलेला एक हा दहा का होतो, हे आपल्या चिरंजीवांना आपण कधी सांगितले आहे काय? सांगितले असेल तर माझा आक्षेप मी मागे घेईन. सांगितले नसेल, तर शाळेने गणिताचे वाटोळे केले हे वाक्य त्यांनी उच्चारू नये. ते काम आपल्या घरी किती झाले आहे, याचा हिशेब त्यांनी आधी करावा. तो कोणत्याही रीतीने केला तरी चालेल.